सुचणे, टिपणे आणि लिहिणे

सकाळी डोंबिवलीहून निघालेली लोकल ठाण्याच्या अलीकडे खाडीपुलावर येते, तेव्हा डब्यातील गर्दीत थोडी हालचाल सुरू होते. ठाण्याला उतरणारे दाराकडे सरकू लागतात, वाऱ्याची झुळूक आत येते आणि खिडकीजवळच्या मंडळींना काही सेकंद खाडीचे पाणी दिसते. आमचा अनेक वर्षांचा अनुभव असा, की नेमके याच सुमारास काहीतरी सुचते. कधी एखाद्या लेखाची सुरुवात, कधी मुलांना सांगण्याजोगे उदाहरण, तर कधी आठवडाभर अडून राहिलेल्या मुद्द्याची उकल. पण एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात पिशवी, लिहिणार कसे? 'उतरल्यावर लिहू,' असे आम्ही मनाशी म्हणतो. घाटकोपर जाते, दादर जाते, प्रयोगशाळेतील दिवसही जातो. संध्याकाळी परतताना एवढेच आठवते, की सकाळी काहीतरी चांगले सुचले होते. काय, ते आठवत नाही.

शिक्षकांना हा अनुभव आमच्यापेक्षा जास्त वेळा येत असणार. वर्गात एखादा मुलगा असा प्रश्न विचारतो, की त्यावर एक लेखच लिहायला हवा असे वाटते. तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते, पुढच्या वर्गावर जायचे असते, आणि प्रश्न तिथेच राहतो. 'तुम्ही लिहीत का नाही?' असे आम्ही शिक्षकांना विचारले, की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, 'सुचते, पण नंतर आठवत नाही.' दुसरे, 'लिहायला वेळ कुठे आहे?' ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण त्यांच्याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पाहावे तसे पाहिले, तर दोन्हींवर काही उपाय निघतो. तो उपाय मांडण्याचा हा प्रयत्न.

आठवण किती वेळ टिकते?

सुचलेली गोष्ट थोड्या वेळाने आठवत नाही, याचा दोष आपण वयाला देतो किंवा गर्दीला देतो. प्रत्यक्षात हा मानवी स्मृतीचा सर्वसाधारण गुणधर्म आहे, आणि तो वर्गात पडताळून पाहता येतो.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉइड पीटरसन आणि मार्गारेट पीटरसन या दांपत्याने १९५९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेणाऱ्याला तीन व्यंजने ऐकवायची आणि लगेच एक संख्या सांगायची. त्या संख्येपासून त्याने तीन-तीन वजा करीत उलटे मोजत जायचे. काही सेकंदांनी त्याला थांबवून ती तीन अक्षरे विचारायची. तीन सेकंदांनंतर विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येई. अठरा सेकंदांनंतर मात्र बरोबर उत्तरांचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास उतरले. केवळ तीन अक्षरे, आणि केवळ अठरा सेकंद!

हा प्रयोग वर्गात करताना एक काळजी घ्यावी. पहिल्याच फेरीत बहुतेक मुलांना अक्षरे बरोबर आठवतील आणि प्रयोग फसला असे वाटेल. तसे नाही. 'ट-घ-म' विचारून झाल्यावर 'ग-फ-ड', मग 'थ-च-भ', अशा पाच-सहा फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी ३८७, ५४२ अशा वेगळ्या संख्येपासून उलटे मोजायला लावावे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून उत्तरे चुकू लागतात. केप्पेल आणि अंडरवुड या संशोधकांनी १९६२ साली हेच दाखवून दिले. विसरण्याचे कारण केवळ गेलेला वेळ हे नाही. आधीची अक्षरे नंतरच्या अक्षरांच्या आठवणीत ढवळाढवळ करतात.

आता हाच प्रयोग खाडीपुलावर नेऊन पाहा. काहीतरी सुचले. पाठोपाठ पुढच्या स्थानकाची घोषणा झाली, शेजाऱ्याने 'उतरणार का?' विचारले, आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या हप्त्याची आठवण झाली. पीटरसन दांपत्याने प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेली परिस्थिती आपल्याला लोकलमध्ये आणि शाळेच्या व्हरांड्यात आपोआप मिळते. तेव्हा 'उतरल्यावर लिहू' किंवा 'तास संपल्यावर लिहू' हा बेत बहुधा फसणार, हे धरूनच चालले पाहिजे.

टाचणवहीचा समास

काही वर्षांपूर्वी कल्याणच्या एका माध्यमिक शाळेतून विज्ञानाच्या एक बाई निवृत्त झाल्या. त्यांनी ३१ वर्षे शिकवले होते. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांचे एक छोटे पुस्तक करावे, असे त्यांच्या मनात होते, आणि मदतीसाठी त्यांनी आम्हांला बोलावले. दोन रविवार आम्ही त्यांच्याकडे बसलो. त्या आठवून सांगत होत्या, आम्ही लिहून घेत होतो. दोन रविवारांत मिळून तेवीस प्रश्न झाले. त्यांतले निम्मे तर पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात शोभतील असे होते: आकाश निळे का, बर्फ पाण्यावर का तरंगतो. बाई खिन्न झाल्या. "एवढेच कसे असतील हो? मुलं रोज काहीतरी विचारायची," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

निघताना आम्ही सहज विचारले, "बाई, जुन्या टाचणवह्या आहेत का?" माळ्यावर एका पिशवीत नऊ वर्षांच्या वह्या निघाल्या. टाचणवही कशी असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. पाठाचे नाव, उद्दिष्टे, साहित्य, आणि मुख्याध्यापकांची सही. पण बाईंना समासात पेन्सिलीने खुणा करायची सवय होती. नऊ वह्यांच्या समासांत मुलांचे चौसष्ट प्रश्न सापडले, आणि ते स्वाध्यायातले नव्हते. 'कुकरची शिट्टी झाली की आतले पाणी उकळायचे थांबते का?' 'पावसाळ्यात मीठ ओले होते, साखर तेवढी का नाही?' 'गाडी तीच, वेळ तीच, खाडीचे पाणी रोज वेगळे. का?'

एकेक ओळ वाचताना बाईंना तो मुलगा, तो बाक, तो दिवस आठवू लागला. आठवणी नाहीशा झालेल्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत पोचायचा धागा तेवढा हरवला होता. समासातील ओळ हा तो धागा. उरलेल्या बावीस वर्षांच्या वह्या मात्र रद्दीत गेल्या होत्या. नऊ वर्षांत चौसष्ट, तर बावीस वर्षांत किती, हे त्रैराशिक बाईंनीच मांडले आणि अर्ध्यावर सोडून दिले.

त्या दिवसापासून या विषयाकडे आम्ही गंभीरपणे पाहू लागलो.

तीन वेगळी कामे

लिहिणे म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यात खरे तर तीन कामे असतात. पहिले सुचणे. ते आपल्या हातात नाही. ते केव्हाही, कोठेही होते आणि क्षणात होते. दुसरे टिपणे. त्याला अर्धा मिनिट पुरतो, पण ते लगेच व्हावे लागते. तिसरे प्रत्यक्ष लिहिणे. त्याला अनेक तास लागतात, पण ते केव्हा करायचे हे ठरवता येते. आपण मात्र नेमके उलटे करतो. जे लगेच करायचे, त्या टिपण्यासाठी सवड शोधतो. आणि जे वेळ ठरवून करायचे, त्या लिहिण्यासाठी स्फूर्तीची वाट पाहत बसतो. बहुतेकांचे लेख या दोन चुकांमध्ये अडकून पडतात.

आधी टिपण्याचा विचार करू.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश विद्युत स्वरूपाचा असतो की रासायनिक, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. एका रात्री लोवींना झोपेत प्रयोगाची कल्पना सुचली. त्यांनी उठून एका चिटोऱ्यावर काही खरडले आणि ते पुन्हा झोपले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना! दिवसभर त्यांनी त्या चिटोऱ्याशी झटापट केली. सुदैवाने पुढच्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली. या वेळी मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांनी एका बेडकाच्या हृदयाचा वेग मज्जातंतू उद्दीपित करून मंद केला, आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला. दुसरे हृदयही मंदावले. संदेश रासायनिक असल्याचा हा पुरावा होता. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी लोवींना १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना दुसऱ्या रात्री परत येण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. तेव्हा टिपण असे हवे, की ते दुसऱ्या दिवशी आपले आपल्याला वाचता आले पाहिजे आणि कळलेही पाहिजे.

काय टिपावे, याबद्दल चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात एक नियम सांगितला आहे. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारे निरीक्षण किंवा विचार समोर आला, की ते तो न चुकता, लगेच टिपून ठेवीत. कारण आपल्या मताला अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी स्मृतीतून लवकर निसटतात, असा त्यांचा अनुभव होता. शिक्षकांसाठी या नियमाचे रूप असे: ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पटकन देता आले नाही, तो प्रश्न आधी टिपावा. विसरण्याकडे आपला कल त्याच प्रश्नाबाबत सर्वांत जास्त असतो.

टिपणात काय असावे?

बाईंच्या समासातील खाडीचा प्रश्न घेऊ. 'गाडी तीच, वेळ तीच, खाडीचे पाणी रोज वेगळे. का?' हा विद्यार्थी रोज गाडीने पुलावरून जात असे. त्याने नीट पाहिले होते: एके दिवशी पाणी काठोकाठ, तर काही दिवसांनी त्याच वेळी चिखल उघडा पडलेला. बाईंनी प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहिला, हे उत्तम केले. 'भरती-ओहोटीबद्दल प्रश्न' असे लिहिले असते, तर त्यातले गाडीचे मर्म निघून गेले असते. त्यांनी तारीखही लिहिली होती. पण गाडीची वेळ लिहायची राहिली. ती असती, तर त्या तारखेच्या तिथीवरून त्या दिवशी पाणी किती असेल, हे आम्हांला ताडून पाहता आले असते. एका आकड्याअभावी चांगले निरीक्षण अर्धवट राहिले.

यावरून आम्ही स्वतःसाठी टिपणाचा एक साचा ठरवला आहे. त्यात तीन गोष्टी येतात.

एक: प्रश्न किंवा कल्पना, ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत.
दोन: केव्हा, कोठे, काय पाहताना, तारीख आणि वेळेसह.
तीन: पुढची एक कृती. काय मोजायचे, कोणाला विचारायचे, कोणते पुस्तक पाहायचे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'भरती—लेख लिहिणे' असे टिपण महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. 'पंधरा दिवस रोज त्याच वेळी पाणी पाहणे' असे लिहिले, तर काम उद्याच सुरू होते.

एका कागदावर एकच कल्पना लिहावी, हाही नियम पाळण्यासारखा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली प्रा. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथांमधून शब्द वेचून तेथे जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. या पद्धतीचे बळ चिठ्ठी सुटी असण्यात आहे. वहीतील नोंद जिथे लिहिली तिथेच राहते. सुटी चिठ्ठी हलवता येते, दुसरीशेजारी ठेवता येते. आपल्याला कोटींची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली शंभर कार्डे आणि चपलांचे एक रिकामे खोके एवढी सामग्री वर्षभर पुरते.

मोबाइल असताना कार्डे कशाला, असे कोणी म्हणेल. गर्दीत मोबाइलवर दोन वाक्ये बोलून ठेवणे सोयीचे आहे, आणि आम्हीही तसे करतो. मात्र डब्याच्या आत, नीट उभे राहून. दारात लटकताना सुचलेल्या कल्पनेसाठी जीव धोक्यात घालू नये. पण मोबाइलमध्ये टाकलेली गोष्ट तिथेच गाडली जाते. म्हणून त्याच रात्री ती कार्डावर उतरवायची. या कामाला पाच मिनिटे लागतात, आणि उतरवताना तिसरी ओळ, म्हणजे पुढची कृती, बहुधा आपोआप सुचते.

टिपणाचा लेख होताना

खाडीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, ते सांगतो. पहिल्या कार्डावर पुढची कृती होती: 'चंद्र रोज किती उशिरा उगवतो?' उत्तर सोपे होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही पुढे सरकतो, म्हणून चंद्र आकाशात पुन्हा त्याच जागी यायला सरासरी २४ तास ५० मिनिटे लागतात. या काळात दोन भरत्या येतात. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. आपली गाडी मात्र वेळापत्रकाप्रमाणे त्याच वेळी पुलावर येते. गाडी सूर्याच्या घड्याळावर चालते, पाणी चंद्राच्या!

दुसरे कार्ड गणिताचे झाले. सात दिवसांत फरक पडतो सुमारे पाच तास पन्नास मिनिटांचा. भरती आणि ओहोटी यांत अंतर सव्वासहा तासांच्या आसपास असते. म्हणजे आठवड्याने चित्र जवळजवळ उलटे दिसले पाहिजे. पंधरा दिवसांत फरक साडेबारा तासांचा, म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीइतका. तेव्हा पंधरवड्याने पुन्हा जवळपास तेच दृश्य. हे कोणत्याही वर्गाला कागदावर मांडून प्रत्यक्ष पडताळता येते.

तिसरे कार्ड कोळ्यांकडून आले. तिथीची पाऊणपट केली, की किनाऱ्यावरील भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. चतुर्थीला चारची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. एका तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे. आपल्या ५० मिनिटांच्या हिशेबाला हे किती जवळ आहे! खाडीत आतवर पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून पुलावरची भरती किनाऱ्याच्या नंतर येते. हे चौथे कार्ड.

अशी सात कार्डे जमल्यावर बाईंनी ती जेवणाच्या टेबलावर मांडली, क्रम लावला आणि लेख लिहायला घेतला. कोऱ्या कागदाची भीती वाटली नाही, कारण कागद कोरा नव्हताच.

वेळ कोठून आणायचा?

आता दुसरा प्रश्न. बाई निवृत्त होत्या, त्यांना वेळ होता. पण ज्यांना सकाळी सातची शाळा आहे, वह्या तपासायच्या आहेत, निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम आहे, त्यांनी काय करावे?

बहुतेकजण म्हणतात, 'मे महिन्याच्या सुट्टीत सलग बसून लिहीन.' रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बेतावर प्रकाश टाकतो. त्याने लिखाण अडलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितले, अगदी निकड असल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्याला सांगितले, लिहायची वेळ ठरवा, पण वाटेल तेव्हाच लिहा. तिसऱ्या गटाला ठरलेल्या वेळी लिहिणे सक्तीचे होते. न लिहिल्यास त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला त्यांच्या पैशातून देणगी जाणार होती! पहिल्या गटाची दिवसाची सरासरी ०.२ पान भरली, दुसऱ्याची ०.९ आणि तिसऱ्याची ३.२ पाने. यात नवल नाही. नवल पुढेच आहे. नवी कल्पना सुचण्याचे प्रमाणही तिसऱ्या गटात सर्वांत जास्त होते: जवळजवळ रोज एक. वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक. माणसे थोडी आहेत, पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. स्फूर्ती आली की लिहीन, असे म्हणणाऱ्याकडे स्फूर्तीही कमीच येते.

ठरलेली वेळ फार मोठी असण्याची गरज नाही. आठवड्यातून तीन वेळा पंचवीस मिनिटे धरू. आठवड्याची पंचाहत्तर मिनिटे झाली. वर्षातले बारा आठवडे परीक्षा, सण आणि आजारपण यांना सोडून दिले, तरी चाळीस आठवड्यांत तीन हजार मिनिटे, म्हणजे पन्नास तास होतात. बाराशे शब्दांचा लेख लिहायला आम्हांला वाचनासह दहा-बारा तास लागतात. म्हणजे वर्षाला चार लेख. शिक्षकाने दहा वर्षे असे केले, तर चाळीस लेखांचे एक पुस्तक होते, आणि तेही एकही सुट्टी न घालवता.

नोकरी सांभाळून असे करता येते याचा मोठा दाखला चंद्रशेखर वेंकट रामन यांचा. १९०७ ते १९१७ ही दहा वर्षे ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्त्याला असताना कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत ते बोबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत काम करीत. मधल्या काळात रंगून आणि नागपूर येथे बदली झाली, तेव्हाही प्रयोग थांबले नाहीत. पुढे १९२१ साली युरोपातून परतताना 'नारकुंडा' या बोटीवर भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला, आणि जवळच्या छोट्या प्रिझमने त्यांनी तिथेच निरीक्षणे केली. त्यावरील टिपण 'नेचर'कडे गेले, त्याखाली मुंबई बंदर आणि २६ सप्टेंबर अशी नोंद आहे. घरी पोचून, सामान लावून, निवांतपणे लिहू, असे त्यांनी म्हटले नाही. त्याच प्रश्नाचा माग घेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते रामन परिणामापर्यंत पोचले. मधली साडेसहा वर्षे कामाची होती. टिपण मात्र बोटीवरच झाले होते.

आमच्या लोहमार्गावरचा दाखला दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना ते पुण्याला राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करीत. एका बाजूचा प्रवासच तीन तासांहून अधिक. कल्याण आणि ठाणे रोज खिडकीतून मागे टाकणाऱ्या या माणसाने प्रवासाचा वेळ वाचनाला आणि कामाला लावला. गणिताबरोबरच हजारो प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ साली भारतीय इतिहासावरील मूलगामी ग्रंथ, एवढे काम त्यांनी केले.

कोणत्या वेळेत कोणते काम

आपली लोकल म्हणजे डेक्कन क्वीन नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे. कल्याणहून निघालेल्या गाडीत डोंबिवलीला चढणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही, लिहायचे तर दूरच. म्हणून वेळेप्रमाणे काम वाटून घ्यावे. उभ्याने प्रवास करताना फक्त विचार आणि टिपण. शाळेतील मोकळ्या तासाला एखादे कार्ड पुरे करणे. ठरलेल्या पंचवीस मिनिटांत एक परिच्छेद, अधिक नाही. रविवारी एखादा तास वाचनालयात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सोय आपल्या दाराशी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत कोरा लेख लिहायला घेऊ नये. वर्षभरात लिहिलेले तपासावे.

वेळ ठरवताना 'रोज थोडे लिहीन' असे मोघम म्हणू नये. 'मंगळवारी, वह्या दप्तरात ठेवल्यावर, स्वयंपाकघरातील टेबलाशी' असे ठरवावे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले आहे, की केव्हा, कोठे आणि कसे हे आधी ठरवले, तर संकल्प पार पडण्याची शक्यता वाढते. आणि उठताना पुढचे वाक्य काय असेल, ते कार्डावर लिहून उठावे. पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटे वाया जात नाहीत.

बाईंचा खाडीवरचा लेख तीन महिन्यांत पुरा झाला. आता त्या उरलेल्या त्रेसष्ट प्रश्नांपैकी कुकरच्या शिट्टीवर काम करीत आहेत. त्यांच्या जुन्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दोन तरुण शिक्षिकांना त्यांनी गेल्या जूनमध्ये एकेक वही भेट दिली. साधी टाचणवहीच, फक्त समास दुप्पट रुंद आखलेला. पहिल्या पानावर बाईंनी एवढेच लिहिले आहे: 'प्रश्न मुलांच्या शब्दांत लिहा. वेळ लिहायला विसरू नका. वही रद्दीत देऊ नका.'